भास्कराचार्यांचें ‘चक्रवाल’

‘लीलावती’चें नांव सुशिक्षित घरांत सर्वांस ठाऊक असतें, आणि घटिकापात्रांत पडलेल्या मोत्याची कथाही. ही कथा मूळ ग्रंथांत नाहीं. फैजीच्या १५८७ मधील फारशी भाषान्तरापासून ती पसरली. ग्रंथकाराची खरी थोरवी पाहावयाची, तर शके १०७२ (इ. स. ११५०) मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’चा ‘बीजगणित’ हा भाग उघडावा, असें आमचें मत आहे.

त्यांतील एक प्रश्न असा: कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्गच येईल? ६१ च्या जागीं ६० घेतल्यास उत्तर ४, वर्गमूळ ३१. ६२ घेतल्यास उत्तर ८, वर्गमूळ ६३. मग ६१ चें उत्तरही असेंच लहान असेल, असें कोणासही वाटेल. परंतु त्याचें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९ आहे!

चाचपडून हें सांपडणें शक्य नाहीं. आचार्य १ व ८ ह्या जोडीपासून निघतात. तेथें क्षेप ३. चक्रवालाच्या एकाच फेऱ्यानें ५ व ३९ येतात; क्षेप उणे ४. पुढें ब्रह्मगुप्तानें सातव्या शतकांत सांगितलेल्या भावनेनें ३८०५ व २९७१८ मिळतात. क्षेप उणे १. ह्या जोडीची स्वतःशींच भावना केली कीं उत्तर हातीं येतें. १६५७ मध्यें फर्मानें हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढें आव्हान म्हणून टाकिला होता.

तथापि स्तुतीसही मर्यादा हवी. चक्रवालाचें श्रेय एकट्या आचार्यांस देतां येत नाहीं. १०७३ मधील उदयदिवाकराच्या टीकेंत जयदेवाचे ह्याच रीतीचे श्लोक आहेत. शिवाय रीति प्रत्येक वेळीं तडीस जाईलच, ह्याची उपपत्ति ग्रंथांत नाहीं. असे प्रश्न नेहमीं सुटतात हें अठराव्या शतकांत लाग्रांजनें सिद्ध केलें. ‘आमच्याकडे सर्व होतें’ असें म्हणणारांनीं ही उणीव ध्यानांत ठेवावी. आणि ‘कांहींच नव्हतें’ म्हणणारांनीं वरील आंकडे एकदां स्वतः ताडून पाहावे.

चाळीसगांवाजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख सांगतो कीं, आचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. लेखाच्या जुन्या मराठी भागांत बाजारांतील करही त्या मठास लावून दिला आहे. म्हणजे बारा महिने देवघेव करणारा खानदेशी ग्राहक ह्या गणिताचा पोशिंदा होता. आज जळगांव-धुळ्याचे विद्यार्थी पाटणादेवीस सहलीला जातात, देऊळ पाहतात, डबा खातात व परततात. त्यांच्या गुरुजनांनीं जातांना ६१ चें हें एक उदाहरण बरोबर न्यावें, एवढीच आमची सूचना आहे. ज्या ग्रंथासाठीं तेथें मठ उभा राहिला, तो ग्रंथच न वाचतां त्या स्थळाचा अभिमान बाळगणें आम्हांस अपुरें वाटतें.