विचारण्याचा अधिकार : वसाहतकालीन शहरांतील चार नव्या रहस्यकादंबऱ्या

रहस्यकादंबरीची शिफारस करताना समीक्षकापुढे एक पेच असतो. शेवट सांगावा तर वाचकाचा आनंद हिरावला जातो, आणि शेवट टाळावा तर रचनेविषयीचे निम्मे विवेचन अधुरे राहते. ज्या कादंबऱ्यांचे सारे बळ उलगड्यात एकवटलेले असते, त्यांच्या बाबतीत हा पेच सुटत नाही. परंतु गेल्या दशकात इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि कलकत्ता या वसाहतकालीन शहरांत घडणाऱ्या काही रहस्यकादंबऱ्यांचे तसे नाही. खुनी कोण, या प्रश्नाइतकाच त्यांत दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या कादंबऱ्या वाचाव्यात त्या प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नासाठी.

सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) ही त्यांतील सर्वांत सुघटित कादंबरी होय. १९२१ मधील मुंबईत परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कार्यालयात वकिलीचे काम पाहते. मात्र स्त्री असल्यामुळे न्यायालयात उभे राहण्याची तिला मुभा नाही. एका दिवंगत गिरणीमालकाच्या तीन पडदानशीन विधवांच्या कागदपत्रांवरील सह्या तिला संशयास्पद वाटतात. पोलिसांना जनानखान्यात प्रवेश नाही, तिला आहे. न्यायालयाचे दार जिच्यासाठी बंद, तिलाच अंतःपुराचे दार उघडे असते, या विरोधाभासावर संपूर्ण तपास उभा आहे. परवीनच्या अयशस्वी विवाहाचे उपकथानक प्रथमदर्शनी लांबण वाटते. परंतु कलकत्त्याच्या सासरी मासिक पाळीच्या दिवसांत तिच्या वाट्याला आलेले कोंडलेपण वाचल्यावर, पडद्याकडे पाहण्याची तिची दृष्टी बाहेरच्या निरीक्षकाची नाही हे ध्यानात येते. या व्यक्तिरेखेमागे १८६६ मध्ये नाशिक येथे जन्मलेल्या आणि ऑक्सफर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. भारतातील स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातील अडसर दूर करणारा कायदा १९२३ चा, हे लक्षात ठेवले म्हणजे कादंबरीच्या काळाची निवड किती नेमकी आहे हे कळते.

अबीर मुखर्जी यांच्या 'अ रायझिंग मॅन' (२०१६) या कादंबरीत १९१९ च्या कलकत्त्यात एका वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून होतो. रौलट कायद्याने देश अस्वस्थ आहे आणि जालियनवाला बागेची वार्ता कथानकाच्या ओघातच येऊन पोहोचते. तपासाचा अधिकार कॅप्टन विंडहॅम या इंग्रजाकडे, शहराचे ज्ञान मात्र त्याचा हाताखालचा सहकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी याच्याकडे. पोलिसातील नोकरीमुळे घरच्यांपासून दुरावलेल्या या तरुणाचे नाव गोऱ्या सहकाऱ्यांना उच्चारता येत नाही. ते त्याला 'सरेंडर-नॉट' म्हणतात. 'शरण जाऊ नको' असा अर्थ त्या विटंबनेतूनच निघावा, हा उपरोध लेखकाने फारसा अधोरेखित न करता साधला आहे. कादंबरीची मर्यादा तिच्या निवेदनात आहे, कारण कलकत्ता आपल्याला विंडहॅमच्याच नजरेने दिसते. ती मर्यादा लेखकालाही जाणवली असावी. मालिकेतील पाचव्या 'द शॅडोज ऑफ मेन' (२०२१) या कादंबरीत निवेदनाचा वाटा बॅनर्जीलाही मिळतो. म्हणून ही पहिली आणि पाचवी कादंबरी शेजारी ठेवून वाचणे अधिक उद्बोधक ठरेल.

वसीम खान यांची 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' (२०२०) ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री सुरू होते. राजवट बदललेली आहे, प्रजासत्ताक काही आठवड्यांवर आहे. तरीही पर्सिस वाडिया या स्त्री पोलीस निरीक्षकाला नकोशा झालेल्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत टाकले जाते. एका इंग्रज मुत्सद्द्याच्या खुनाचे धागे फाळणीच्या हिंसेपर्यंत पोहोचतात. सुगावे वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडण्याची जुनी शिस्त येथे पाळलेली आहे. मात्र पात्रे अधूनमधून इतिहासाचे पाठ्यपुस्तक बोलू लागतात.

नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला त्या १८९१ मधील प्रत्यक्ष घटनेवर आधारलेली आहे. पुण्याच्या लष्करी इस्पितळात शेरलॉक होम्स वाचून गुन्हेशोधनाकडे वळणारा, इंग्रज पिता आणि भारतीय माता यांचा पुत्र असलेला कॅप्टन अग्निहोत्री हा नायक कल्पक आहे. परंतु मध्यभागी कथानक उत्तरेकडील साहसांत आणि प्रेमकथेत गुंतते आणि तपासाची वीण सैल होते. चौघींत हिचे स्थान शेवटचे.

या चारही कादंबऱ्यांचे लेखक भारताबाहेर राहून लिहितात, ही बाब केवळ चरित्रात्मक नाही. मुंबईच्या तिन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी पारशी घराणी आहेत, कारण त्या वर्गातील माणसे इंग्रजीत बोलतात असे दाखवणे स्वाभाविक ठरते. भाषेची सोय येथे पात्रांची निवड ठरवते, आणि त्यामुळे चाळींतील, गिरणगावातील मराठी मुंबई कडेलाच राहते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये निर्माण केलेला ब्योमकेश बक्शी स्वतःला 'डिटेक्टिव्ह' न म्हणता 'सत्यान्वेषी' म्हणवतो, आणि त्याच्या कलकत्त्यात इंग्रजाला फारसे स्थान नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्या मुंबईत वावरतात, तिचीही ओळख करून देण्याची गरज त्यांच्या वाचकाला भासली नाही. ज्या काळात साम्राज्य प्रत्यक्ष होते, त्या काळातील देशी रहस्यकथेने त्याला बाजूला सारले. ते लयाला गेल्यानंतर लिहिलेल्या इंग्रजी रहस्यकथेने त्याला केंद्रस्थानी आणले.

हा भेद दोषारोपासाठी नव्हे, तर वाचनाची दिशा ठरवण्यासाठी उपयोगी आहे. या कादंबऱ्या एकट्या न वाचता ब्योमकेश आणि अर्नाळकर यांच्यासोबत वाचाव्यात. एकच पुस्तक निवडायचे झाल्यास मॅसी यांचे निवडावे. कारण तेथे अधिकाराचा प्रश्न पार्श्वभूमी म्हणून न येता सुगाव्याच्या रूपानेच येतो. जनानखान्याच्या जाळीआड बसलेली स्त्री स्वतःच्या सहीविषयी काय सांगते, हे ऐकायला कोणीतरी तेथवर पोहोचावे लागते. कायद्याने जिला अर्धाच अधिकार दिला, ती तेथवर पोहोचते, आणि तपास तेथूनच सुरू होतो.