कर्णाने दोस्ताला न सांगितलेली गोष्ट

कोल्हापुरात वाढलेल्या वाचकाला ‘मृत्युंजय’ टाळणं अवघड. शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते. त्यामुळे कादंबरी घरचीच वाटते. त्यात दोस्तासाठी जीव टाकणाऱ्याला इथल्या पेठांमध्ये भलताच मान. मीही कर्ण वाचला तो दोस्तीचा आदर्श म्हणूनच. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि तो आदर्श डळमळला. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं १९६७ सालची.

सावंतांचा कर्ण ऋण विसरत नाही. भर रंगमंडपात सूतपुत्र म्हणून हिणवलं जात असताना दुर्योधनाने त्याला अंगदेशाचं राज्य दिलं, त्या क्षणाला तो आयुष्यभर बांधला जातो. कर्व्यांना मात्र हे नातं बरोबरीचं वाटत नाही. कृष्ण-अर्जुनाच्या मैत्रीशेजारी ठेवलं, की त्यांना त्यात धनी आणि त्याचा इमानी सेवक दिसतो.

मला दोन्ही वाचनं पटतात, आणि म्हणूनच एक प्रसंग छळतो. युद्धाआधी कृष्ण कर्णाला त्याचं जन्मरहस्य सांगतो, राज्यही देऊ करतो. कर्ण नाकारतो, कारण दुर्योधन त्याच्या भरवशावर युद्धाला उभा आहे. इथवर दोस्ती शंभर नंबरी. पण पुढे कुंती येते आणि तो तिला शब्द देतो, की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही. रणात तो शब्द पाळतोही; हाती लागलेल्या युधिष्ठिराला, भीमाला सोडून देतो.

मग दुर्योधनाचं काय? ज्याच्या जिवावर आपण लढतोय त्याने शत्रूकडच्या चौघांना आधीच अभय दिलंय, हे कळण्याचा हक्क त्याला नव्हता? आईला शब्द देणं मी चूक म्हणणार नाही. तिथे कुणाचंही पाऊल अडखळलं असतं. प्रश्न लपवण्याचा आहे. महाभारतात कर्ण हे दुर्योधनाला सांगत नाही. त्याच्यासाठी राज्य सोडता आलं, मरता आलं. ‘पांडव माझे भाऊ आहेत’ एवढं म्हणता आलं नाही.

का, याचं उत्तर मला कर्व्यांच्या मांडणीत सापडतं. दोस्ताला अडचणीचं खरं सांगता येतं. ज्याचं देणं लागतो त्याच्यापुढे मान खालीच राहते. उपकारातून सुरू झालेल्या मैत्रीत ही भीती कायमची मुरलेली असते.

हे डोक्यात ठेवून ‘मृत्युंजय’ पुन्हा उघडलं, तेव्हा तिची रचना वेगळीच दिसली. नऊ भाग, सहा निवेदक. कर्ण बोलतो, दुर्योधन बोलतो, शोण, वृषाली, कुंती आणि कृष्णही बोलतात; पण ही मनोगतं आपल्यापुढे उघडी होतात, एकमेकांपुढे नाही. दोन मित्रांची मनं वाचकाला ठाऊक, मित्राला नाही. पहिल्या वाचनात मला तो कर्णाचा गौरव वाटला होता. आता त्यात त्याचा एकटेपणा जास्त ऐकू येतो.

दोस्तासाठी मरायला तयार असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण त्याला न रुचणारं त्याच्या तोंडावर सांगणारे किती, हे कर्ण वाचताना आता मी आधी स्वतःलाच विचारतो.