मुलांचे गाणे आणि शिकवणाऱ्याचा धर्म

आमच्या समाजात गवयाच्या मैफलीस जो मान आहे, तो त्याच्या शिकवणीस कधीच मिळाला नाही. आणि शिकवणीतही मुलांची शिकवणी म्हणजे अगदी खालची पायरी. ज्याचा आवाज बसला, ज्यास बिदागी मिळेनाशी झाली, त्याने चार घरी जाऊन 'सा रे ग म' घोकवावे, अशी मध्यमवर्गाची समजूत होती व पुष्कळ अंशी ती आजही आहे. मुलांस गाणे शिकविणे हे कोणाचे जीवितकार्य असू शकेल, ही कल्पनाच अनेकांस चमत्कारिक वाटते.

वास्तविक ही कल्पना आमच्याच मातीत वाढलेली आहे. बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, हा पहिला मोठा प्रयत्न. परंतु तेथे पाठीशी संस्थान होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पाठीशी काय होते? बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेली, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ मिळविलेली विद्या, आणि लोकवर्गणीवरचा भरवसा. १८९६ साली गुरुगृह सोडून ते बाहेर पडले व ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. हा मनुष्य मैफलीत अपयशी झाला म्हणून मास्तर झाला नाही. गळा तयार होता, ठिकठिकाणी नाव झाले होते, आणि तरीही त्याने आपली शक्ती वर्गाकडे वळविली. पुढे त्यांनी 'उपदेशक वर्ग' काढून विद्यार्थ्यांस पदरी ठेवले, जेवू घातले, आणि त्यांच्याकडून शिकविण्याचे बंधन लिहून घेतले. गायकाआधी शिक्षक घडविला पाहिजे, हा त्यांतील विचार आम्हांस त्यांच्या सर्व कार्यात थोर वाटतो. त्यासाठी किंमतही जबर पडली. मुंबईचे विद्यालय कर्जापायी १९२४ साली लिलावात गेले.

शाळा म्हटली की पुस्तक आले. पलुस्करांनी मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश'सारखी पुस्तके रचली, आणि पं. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग सिद्ध केले. त्यांतले शेवटचे दोन त्यांच्या पश्चात निघाले. दोन्ही उद्योगांस आम्ही वंदन करतो, पण समीक्षकाचे काम वंदनाने संपत नाही. पलुस्करांच्या लिपीत मात्रेच्या अंशांसाठी इतक्या खुणा आहेत की मुलाचे ध्यान स्वरावरून उडून खुणेवरच खिळावे. शृंगारिक चिजा काढून तेथे भक्तिपर शब्द घालण्याची त्यांची दृष्टी पालकांचा विश्वास मिळविण्यास योग्यच होती. गाणे घरंदाज मुलींपर्यंत पोहोचले याचे पुष्कळ श्रेय तिला आहे. भातखंड्यांची लिपी सुटसुटीत असल्याने छापखान्यात तीच अधिक रुळली. परंतु त्यांची लक्षणगीते रागाचे व्याकरण गीतातच गोवून देतात, आणि आठ वर्षांच्या पोरास वादी-संवादी सांगणे म्हणजे बोलता येण्यापूर्वी विभक्तिप्रत्यय शिकविण्यासारखे आहे! हे पुस्तक शिक्षकाच्या हाती शोभते. पोराच्या हाती दिल्यास शिक्षकाचे काम सोपे होते, एवढेच.

पुस्तकामागून परीक्षा आली. १९३१ साली पलुस्कर निवर्तल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले व प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतची शिडी उभी केली. ही शिडी आज कोठवर पोहोचली आहे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ठाण्याच्या वागळे इस्टेटीत संध्याकाळी एक फेरी मारावी. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. यंत्रांच्या खडखडाटासाठी वसविलेली ही जागा. आता पुष्कळ कारखाने बंद पडून तेथे काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. परंतु आसपासच्या किसननगर, श्रीनगरासारख्या वस्त्यांत लोक राहतात, त्यांस मुले आहेत, आणि मुलांस गाणे यावे अशी त्या आईबापांची हौस आहे. पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ ठाण्यात दरवर्षी महोत्सव होतो खरा. पण कामगाराच्या पोरास गाण्याची पहिली ओळख महोत्सवात होत नाही. ती होते कोणा शिक्षिकेच्या दहा बाय बाराच्या खोलीत, सतरंजीवर बसून. म्हणून त्या खोलीत काय घडते यास महत्त्व आहे.

बहुधा घडते ते असे. परीक्षेस नेमलेले राग, नेमलेल्या ताना, वहीत उतरविलेली व्याख्या. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा पहिला प्रश्न 'मुलगी कोणत्या परीक्षेपर्यंत जाईल?' असा असतो. पालकांस दोष द्यावा तरी कसा? गुण हे त्यांच्या ओळखीचे नाणे आहे. दोष त्या शिक्षकाचा, जो या नाण्यावरच आपला धंदा तोलतो.

शिक्षकाची खरी पारख स्वरपट्टीत होते. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने काळी एक किंवा दोन धरतो. मुलांचा गळा लहान. त्यांस काळी चार-पाचच्या आसपास मोकळे वाटते. शिक्षकाच्या पट्टीत मूल खाली गेले तर खर्ज उमटत नाही, सप्तकभर वर गेले तर आवाज चिरकतो. आणि मग 'याला गळा नाही' असा निकाल लागतो. तीच गोष्ट पेटीची. पेटीच्या मागे मागे जाणारे मूल पेटी थांबली की चाचपडू लागते. तंबोऱ्याशी, निदान यंत्रातल्या तंबोऱ्याशी, दहा मिनिटे नुसता 'सा' लावून बसविणे कंटाळवाणे खरे, आणि परीक्षेत त्यास गुणही नाहीत. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा पुष्कळ मुलगे वर्ग सोडतात. त्या दोन वर्षांत त्यास गाण्याऐवजी ऐकावयास लावून, तबल्याकडे वळवून, कसेही करून सतरंजीवर टिकवून धरणारा शिक्षक आमच्या मते दहा मुले विशारद करणाऱ्याहून मोठा. असा मनुष्य मुलांत बसला म्हणजे त्यास मैफल चुकल्याची खंत राहत नाही. आपण कशासाठी गाणे शिकलो, याचे उत्तर त्यास तेथेच मिळालेले असते.

याचे उत्तम उदाहरण प्रा. बा. र. देवधर होत. पलुस्करांचेच शिष्य, पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला आणि १९२५ साली मुंबईत आपली शाळा काढली. तेथे अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकळी आला. त्याचे बारसे तोवर 'कुमार गंधर्व' असे होऊन गेले होते. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून थोरामोठ्यांचे गाणे हुबेहूब उतरविणारे हे पोर टाळ्यांस सरावलेले होते. अशा मुलास आणखी टाळ्या मिळवून देणे फार सोपे होते. देवधरांनी त्यास नकलेतून बाहेर काढून विद्यार्थी केले आणि घराण्याघराण्यांचे गवई शाळेत आणून त्याच्या कानावर घातले. स्वतःचा गळा मात्र त्याच्या गळ्यात बसविला नाही; कुमारांच्या गाण्यात देवधर शोधू जाल तर सापडत नाहीत. पुढे कुमार त्याच शाळेत शिकवू लागले, आणि हे सर्व आता इतिहासात जमा आहे. त्या सतरंजीवर कुमारांच्या शेजारी बसलेली, पुढे कधीही मैफल न केलेली इतर मुले मात्र कोणाच्याच स्मरणात नाहीत. त्यांना शिकविणारेही देवधरच होते.