गुडघ्याचे माप आणि ‘भाकीत’ हा शब्द

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी दोन उंचवट्यांमध्ये जी खाच असते ती अरुंद असल्यास गुडघ्यातील पुढचा क्रूशिएट अस्थिबंध तुटण्याचा संभव वाढतो, या मतास वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी सैनिकी छात्रांच्या अभ्यासाने (२००३) बळकटी दिली. मापे आधी घेऊन छात्रांवर चार वर्षे लक्ष ठेवले गेले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. विश्लेषणातील ८५९ छात्रांपैकी २४ जणांचा अस्थिबंध कोणाचा धक्का न लागता तुटला. अरुंद खाच या इजेशी निगडित आढळली. परंतु अशा संबंधास ‘भाकीत’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे, आणि प्रश्न केवळ शब्दाचा नाही. जी इजा शंभरात तिघांनाही होत नाही, तिचा संभव तिप्पट झाला तरी त्या गटातील बहुतेक गुडघे धडच राहणार. गटाविषयीचे विधान व्यक्तीच्या माथी मारले जाते ते येथेच. रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये इजेच्या पूर्वचाचण्यांवर याच स्वरूपाचा आक्षेप घेतला. केवळ मापावरून एखादा खेळाडू संघाबाहेर बसवला गेला, तर तो शास्त्राचा नव्हे, त्या शब्दाचा बळी ठरेल. खाच सरावाने रुंद होत नाही. उडीनंतर जमिनीवर उतरण्याची रीत मात्र शिकवता येते, आणि ती रुंद खाचेच्या खेळाडूलाही तितकीच हवी असते.