छपरातील प्रकाशनळी आणि एक चुकीचे स्पष्टीकरण

छपरातून घरात सूर्यप्रकाश आणणारी नळी 'पूर्ण आंतरिक परावर्तना'वर चालते, असे काही माहितीपत्रकांत वाचायला मिळते. हे चूक आहे. नळीत असते हवा. किरण घन माध्यमातून विरल माध्यमाकडे जातच नाही. काम करतो तो आतला आरसा, आणि आरसा दर वेळी थोडा प्रकाश शोषतो. 25 सेंमी रुंद, दीड मीटर लांबीची उभी नळी घ्या. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असताना अक्षाला छेदून जाणारा किरण सुमारे 10 वेळा आपटतो. अस्तर 98 टक्के परावर्तक असेल तर त्यातला 82 टक्के प्रकाश खाली पोचतो. 90 टक्के असेल तर जेमतेम 35. (गुणाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.) 'प्रकाशीय तंतूसारखी' म्हटले की नेमका हा हिशेब झाकला जातो, आणि ग्राहक स्वस्त अस्तराची नळी बसवून घेतो.