पाणी सोडणे : नाथसागराची भाषा

धरणाविषयी मराठीत दोन भाषांत लिहिले जाते. एक पाटबंधारे व महसूल खात्यांची, दुसरी कथा-कादंबरीची. पहिली मेलेली आणि दुसरी जिवंत, असे आपण वाङ्मयाची माणसे सहज धरून चालतो. मला हे मान्य नाही. जायकवाडीपुरते बोलायचे, तर कचेरीच्या शब्दांत जे दुःख साठले आहे ते आपल्या साहित्याने अजून पुरते उपसलेलेच नाही.

नावापासूनच पाहा. मूळ योजनेत हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. जागा बदलली, धरण वर पैठणपाशी आले. नाव तेवढे चिकटून राहिले. ज्या गावाचे नाव लागले ते बुडालेच नाही, आणि जी बुडाली त्यांतल्या एकाचेही नाव लागले नाही. जलाशयाला एकनाथांचे नाव मिळाले. कोयनेचा शिवसागर, मुळेचा ज्ञानेश्वरसागर, उजनीचा यशवंतसागर : राजा, संत, मुख्यमंत्री. त्यात पुन्हा 'सागर'. खऱ्या समुद्राच्या तळाशी कुणाचा सातबारा नसतो. इथे सुमारे ३५० चौरस किलोमीटरच्या पाण्याखाली गोदाकाठची काळी जमीन आहे.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदाही १९७६ चाच. भिंत आणि कायदा एकाच वर्षीचे. उठलेली गावे मात्र त्याआधीची.

आता शब्द. 'बुडीत क्षेत्र' म्हणताना सावकाराच्या वहीतले बुडीत खाते आठवल्यावाचून राहत नाही : जे वसूल व्हायचे नाही ते. 'संपादन' आम्ही अंकाचे करतो, सरकार जमिनीचे करते. काटछाट दोन्हीकडे होते. पण सगळ्यात खोल शब्दप्रयोग आहे 'पाणी सोडणे'. दान देणारा हातावरून उदक सोडतो आणि वस्तूवरचा हक्क संपतो; त्यावरून एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे ती कायमची देऊन टाकणे. त्या विधीत उदक सोडणारा हात मालकाचा असतो. इथे शेतकऱ्याने जमिनीवर पाणी सोडले ते वाक्प्रचारातले, आणि खरे पाणी सोडणारा हात दुसऱ्याचा. आज 'जायकवाडीतून पाणी सोडले' अशी बातमी येते तेव्हा हा जुना अर्थ कुणाच्या मनात येत नाही.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'चे (१९९१) मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. साहित्य अकादमी पुरस्काराच्या वेळी आणि नंतरही तिच्यातल्या माहितीच्या विस्ताराची वाखाणणी झाली. विस्तार आहेच, काही ठिकाणी तो कथेला जडही होतो. पण शीर्षक पाहा. झाडाझडती घेणारा नेहमी अधिकारी असतो, देणारा सामान्य माणूस. कादंबरी हा कचेरीचा शब्द उचलते आणि कचेरीवरच उलटवते. खैरमोडे गुरुजींच्या तोंडच्या चर्चांपेक्षा ही एक उलथापालथ मला अधिक परिणामकारक वाटते.

तरीही धरणावरचे आपले बहुतेक लेखन गाव उठेपर्यंत आणि पुनर्वसनाच्या हालांपर्यंत येऊन थांबते. पाणी भरल्यानंतरची पन्नास वर्षे त्यात नाहीत. रोहित पक्षी आले, अभयारण्य झाले, हिवाळ्यात पर्यटक येतात. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. पण प्रवरासंगमाजवळ 'जुने कायगाव' आणि 'नवीन कायगाव' अशी दोन नावे आहेत. या दोन विशेषणांच्या मधल्या जागेत एक कादंबरी पडून आहे.

आणि एक शब्द आहे, 'गाळपेर'. उन्हाळ्यात जलाशय आटत जातो, काठची जमीन उघडी पडते, आणि त्या ओल्या गाळात पेरणी होते. ही जमीन सरकारची. ती हंगामापुरती भाड्याने मिळते आणि तिच्या वाटपात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे ज्याचे शेत बुडाले तो वारस, नशीब बरे असेल तर, आजोबांच्याच बांधावर उभा राहून त्याच शेताचा खंड भरतो, आणि पुढच्या पावसात वरच्या धरणांचे पाणी येण्याआधी पीक काढून घेतो. २०१९ सारख्या वर्षी साठा मृत पातळीच्याही खाली गेला तेव्हा अशी जमीन कितीतरी उघडी पडली होती. दुष्काळ मराठवाड्याचा आणि पेरणी बुडालेल्या शेतात. माझ्या वाचनातल्या एकाही मराठी कथेत हा शब्द आलेला नाही. तो तलाठ्याच्या दप्तरात आहे.