मौनाची प्रत : गायतोंडे, समीक्षा आणि लिलाव

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस-बाजारात ‘हिंगणघाट’ ही मालाची एक प्रत होती. वणा नदीकाठची जमीन ज्याने कधी पाहिली नाही असा खरेदीदारही त्या नावाला भाव देत असे. हिंगणघाटपासून फार दूर नसलेल्या नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी लिहिताना या गोष्टीचे स्मरण होते.

गायतोंडे २००१ साली निवर्तले. २०१३ मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९चे चित्र सुमारे २३.७ कोटींना गेले. २०१५ मध्ये १९९५चे चित्र २९.३ कोटींना, सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७०चे चित्र ६७.०८ कोटींना. दरम्यान २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. संग्रहालयाची मान्यता आणि बाजाराचा भाव यांचे नाते उघडच आहे, त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

विचार करायचा तो समीक्षेच्या वाट्याचा. एकांतप्रिय, मितभाषी, झेन विचाराने प्रभावित, वर्षाला मोजकीच चित्रे करणारा साधक ही गायतोंडे यांची प्रतिमा बाजाराने निर्माण केलेली नाही. ती त्यांच्या चाहत्यांनी आणि समीक्षकांनी घडविली, आणि त्यात मराठी लेखनाचाही वाटा आहे. लिलावगृहाने ती आयती उचलली, इतकेच. ‘मौन’ हा शब्द समीक्षेत आकलनाची मर्यादा सूचित करीत होता. लिलावाच्या सूचिपत्रात तोच दुर्मिळतेची हमी देऊ लागला. अर्थच बदलला, आणि आपण तो बदलू दिला. शिवाय बहुतेक चित्रे अनाम असल्याने सालच शीर्षकाचे काम करते, जसे कापसाच्या गाठीवर हंगामाचे करावे.

या मौनाच्या स्तुतीत चित्राची घडण मात्र अनुल्लेखित राहते. रोलर आणि पॅलेट-नाइफने रंगाचा थर देणे, तो खरवडणे, त्यावर पुन्हा थर चढविणे, आणि या उपसाउपशीतून खालचा रंग प्रकाशासारखा वर येऊ देणे ही शारीरिक, बरीचशी कारागिरीची क्रिया आहे. तिला ध्यान म्हटल्याने ती समजत नाही. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ न म्हणता ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणावे हा त्यांचा आग्रहही, माझ्या मते, याच दिशेने वाचावयास हवा: कशाचे तरी अमूर्तीकरण नव्हे, पृष्ठभागच वस्तू. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांचे चित्रकाम खंडित झाले. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पृष्ठभागांची तुलना म्हणूनच अगत्याची आहे.

परंतु ती करावी कशी? यांपैकी पुष्कळ चित्रे खाजगी संग्रहांत आहेत. विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती भेटतात ती बहुधा विक्रीच्या सूचिपत्रातील गुळगुळीत छापील पानावर, आणि त्या पानावर थर दिसत नाहीत.